लूना, कार्बोरेटर आणि उसाचं पेट्रोल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय आहे जुन्या गाड्यांचा कार्बोरेटर आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हा विषय नगरच्या माणसानं मांडावा हे योग्यच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो आपल्याच जिल्ह्यात, लोणीला. तिथलं पहिलं गाळप १९५०-५१ च्या हंगामातलं. आणि हस्तिमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली लूना काढली तीही आपल्याच नगरात. शहरातल्या एका चौकाला आजही लोक कायनेटिक चौकच म्हणतात. जिल्ह्याचं नाव २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालं असलं, तरी बोलताना तोंडात नगरच येतं. तेव्हा इथंही नगरच म्हणतो.

तर एका बाजूला उसाची मळी, दुसऱ्या बाजूला पन्नास सीसीचं इंजिन. या दोघांची गाठ आता कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या एका छोट्या वाटीत पडते आहे. ती गाठ कशी पडते आणि त्यातून काय निघतं, एवढंच मला सांगायचं आहे.

मी केडगावचा. दौंडजवळचं केडगाव ते वेगळं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. आमचं केडगाव नगर शहराला चिकटलेलं, रेणुकामातेचं. नवरात्रात देवीच्या रस्त्याला जी वाहनं लागतात त्यांत अजूनही एम-एटी दिसते, चेतक दिसते, क्वचित एखादी राजदूत. माझा उद्योग कार्बोरेटर उघडायचा, धुवायचा आणि पुन्हा बसवायचा. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या बाकावर येणाऱ्या कार्बोरेटरांची तक्रार बदलली आहे. पूर्वी बहुतेक कचरा असायचा. आता फुगलेलं रबर, पांढरी-हिरवी बुरशी चढल्यासारखं दिसणारं जस्त आणि पितळ, आणि वाटीच्या तळाशी पाणी. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तर रांगच लागते. वर्षभर कोपऱ्यात उभी असलेली गाडी खंडेनवमीला बाहेर काढतात, धुतात, झेंडूची माळ घालतात, पूजा करतात आणि मग ती सुरूच होत नाही.

पेट्रोलात मद्यार्क मिसळायची कल्पना नवी नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, आपल्याकडे 'इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्ट' नावाचा कायदा झाला होता. तो २००० साली रद्द झाला, आणि गंमत पाहा, पुढच्याच वर्षी मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीकडे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे प्रयोग सुरू झाले. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरलं. पण ठरणं वेगळं आणि होणं वेगळं. २०१३-१४ सालीसुद्धा देशाची सरासरी जेमतेम दीड टक्का होती. मग मात्र गाडीनं वेग घेतला. जून २०२२ मध्ये दहा टक्के झाले. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळूरला वीस टक्क्यांच्या पेट्रोलचं, ज्याला ई-२० म्हणतात त्याचं, उद्घाटन झालं. २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांचं प्रमाण गाठलं गेलं. मुळात हे उद्दिष्ट २०३० चं होतं.

आता कार्बोरेटरची तारीख सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. म्हणजे आज रस्त्यावर असलेला जवळजवळ प्रत्येक कार्बोरेटर हा वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपावर येण्याआधी बनलेला आहे. यात केवळ हौशी लोकांच्या अँबॅसेडर आणि फियाट येत नाहीत. २०१९ ची साधी स्प्लेंडरही येते. 'क्लासिक' हा शब्द श्रीमंतांच्या गाडीला लावतात. पण पंधरा-वीस वर्षांची एम-एटी रोज दुधाचे कॅन वाहते तिला तो शब्द कुणी लावत नाही. तिचा कार्बोरेटर मात्र तसाच जुना असतो.

हा कार्बोरेटर काम कसं करतो ते समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. घरावरच्या पाण्याच्या टाकीत गोळा असतो. टाकी भरली की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. कार्बोरेटरच्या वाटीत अगदी तेच आहे. पेट्रोल आलं की फ्लोट तरंगतो, त्याच्यावरची सुई वर जाऊन भोक बंद करते. वाटीतली पातळी कायम राहते. या वाटीतून इंजिनकडे पेट्रोल जातं ते एका पितळी जेटमधून. जेट म्हणजे मधोमध बारीक भोक असलेला स्क्रू. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, आणि जाता जाता जेटमधून पेट्रोल खेचून नेते. बस. यात मेंदू नाही, सेन्सर नाही. भोक जेवढं, पेट्रोल तेवढं.

आणि कारखान्यानं ते भोक पेट्रोलसाठी पाडलेलं आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन आहे, वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त, म्हणून त्याला बाहेरची हवा कमी लागते, साधारण ९ किलो. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब येतो १३.५ च्या आसपास. जेट मात्र जुन्याच हिशेबानं पेट्रोल सोडतो. परिणाम असा की इंजिनला हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. गॅरेजच्या भाषेत मिश्रण 'लीन' होतं. गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते, अॅक्सिलरेटर दिला की क्षणभर गप्प बसते आणि मग उचलते, चढावर दम खाते, प्लग काढून पाहिला तर विटकरी दिसण्याऐवजी पांढरट दिसतो. थंडीत त्रास आणखी वाढतो, कारण इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. नगरची डिसेंबरमधली सकाळ काही काश्मीरची नव्हे, तरी चोक ओढून धरायची वेळ वाढल्याचं बऱ्याच जणांच्या लक्षात आलं असेल.

इंजेक्शनच्या गाडीत हा प्रश्न बराचसा सुटतो. तिथं सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. तो सांगतो, इंधन कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर थोडं जास्त सोडतो. त्या मालकाला फक्त अॅव्हरेज घटल्याचं जाणवतं. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असते, त्यामुळं वीस टक्क्यांच्या मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींचं अॅव्हरेज ६ ते ७ टक्के आणि तशा दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटेल असं लिहिलेलं आहे. म्हणजे ही गोष्ट कुणी लपवलेली नव्हती. फक्त ती लूना चालवणाऱ्यापर्यंत पोचली नव्हती.

आता रबराकडे येऊ. पेट्रोलला टिकणारं रबर मद्यार्काला टिकेलच असं नाही. जुन्या गाडीतली पेट्रोलची नळी, सुईचं रबरी टोक, ओ-रिंग, फियाट आणि अँबॅसेडरच्या यांत्रिक पंपातला डायाफ्राम, ही सगळी त्या काळातल्या पेट्रोलचा विचार करून बनवलेली. इथेनॉलनं काही रबरं फुगतात, मऊ होतात. आणि गाडी उभी राहून ती सुकली की कडक होऊन तडकतात. सुईचं टोक फुगलं तर भोक नीट बंद होत नाही, वाटी ओसंडते, गाडीखाली पेट्रोलचा डाग पडतो. नळी तडकली आणि पेट्रोल गरम सायलेन्सरवर ठिबकलं तर गोष्ट दुरुस्तीच्या पलीकडं जाते. माझ्या मते या सगळ्या विषयातला खरा धोका हाच आहे. अॅव्हरेज घटलं तर खिशाला चाट बसते. नळी फाटली तर गाडी पेटते. आणि नळीची किंमत किती? सगळ्यात स्वस्त वस्तू तीच.

फारच जुन्या, युद्धापूर्वीच्या वगैरे गाड्यांत फ्लोट बुचाच्या लाकडाचा असायचा आणि त्यावर लाखेचं रोगण. सुतारकाम करणाऱ्यांना माहीत आहे की फ्रेंच पॉलिशची लाख कशात विरघळवतात: स्पिरिटमध्ये. इथेनॉल म्हणजे तेच. रोगण विरघळतं, बूच पेट्रोल पितं, फ्लोट जड होऊन बुडतो, आणि विरघळलेली लाख जाऊन जेटमध्ये बसते.

हौशी लोक हल्ली जुन्या एमजीसारख्या किंवा फोर्डसारख्या दिसणाऱ्या, फायबरची बॉडी असलेल्या नकला, म्हणजे रेप्लिका, बनवून घेतात. आतलं इंजिन मारुतीचं किंवा जीपचं असतं. अशांपैकी कुणाच्या गाडीची पेट्रोलची टाकीही फायबरची असेल तर जपा. जुन्या पद्धतीच्या रेझिनला इथेनॉल मऊ करतं, आणि ते चिकट द्रव्य कार्बोरेटरपर्यंत येतं. टाकी लोखंडी किंवा योग्य प्लास्टिकची करून घेणं हाच उपाय. रेप्लिकाबद्दल मला याहून जास्त प्रेम नाही, तेव्हा पुढं जातो.

कचऱ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथं लोक उगाच घाबरतात. इथेनॉल चांगलं धुणारं आहे. वीस-पंचवीस वर्षं टाकीच्या आतल्या भिंतीवर बसलेला चिकटा आणि गंज ते सोडवतं. म्हणून पहिल्या काही टाक्यांत जेट वारंवार चोंदतो. मालक म्हणतो, पेट्रोल खराब आहे. कचरा मात्र त्याच्याच टाकीतला असतो. टाकी एकदा काढून नीट धुतली आणि नळीत चांगला फिल्टर टाकला की ही कटकट संपते.

पाण्याचा भाग जरा सावकाश ऐका, कारण लूनाच्या जिवावर उठणारी गोष्ट हीच आहे.

साध्या पेट्रोलात पाणी मिसळत नाही. ते जड, तळाशी बसतं. जुन्या गाड्यांना खाली काचेची वाटी असायची, त्यात ते दिसायचं, स्क्रू फिरवून काढून टाकलं की झालं. इथेनॉलला मात्र पाण्याची ओढ आहे. थोडं पाणी असेल तर ते त्याला स्वतःमध्ये सामावून घेतं आणि इंजिनमधून वाफ करून बाहेरही नेतं. इथवर ठीक, उलट फायद्याचंच. पण या सामावण्याला मर्यादा आहे. दहा टक्क्यांच्या मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी सामावतं, वीस टक्क्यांच्या त्याहून जास्त. आणि थंडी पडली की ही क्षमता घटते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं हात धरून पेट्रोलमधून बाहेर पडतात आणि टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. पूर्वी तळाशी चमचाभर पाणी असायचं, आता पाणी आणि मद्यार्क यांचा मोठा थर. पेट्रोलचा कॉक ओढतो तोही तळातूनच.

हे पाणी येतं कुठून? हवेतल्या दमटपणाला लोक फार दोष देतात. केडगावच्या कोरड्या हवेत टाकी बंद असेल तर ती प्रक्रिया फार सावकाश होते. माझ्या पाहण्यात पाणी येतं ते टाकीच्या झाकणाच्या सडलेल्या वायसरमधून, पावसाळ्यात, आणि गाडी पाइपानं धुताना. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडे पाऊस म्हणजे पाऊस; तिकडून आलेली गाडी असेल तर मी आधी झाकण काढून पाहतो, मग कार्बोरेटर. अर्धी रिकामी टाकी आणखी वाईट, कारण रिकाम्या भागात रात्री दव धरतं.

चारचाकीत हा थर कार्बोरेटरमध्ये आला तर गाडी बंद पडते, एवढंच. लूनाचं तसं नाही. लूना, जुनी एम-एटी, चेतक, राजदूत, येझदी ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. पिस्टनला वंगण देण्यासाठी लूनासारख्या गाडीत टूटी ऑइल पेट्रोलातच मिसळायचं असतं, लिटरला वीस मिलिलिटरच्या आसपास. हे ऑइल पेट्रोलात विरघळतं. पाण्याच्या थरात ते राहत नाही. म्हणजे तळाचा थर जेव्हा इंजिनमध्ये जातो तेव्हा त्याच्यासोबत वंगण जवळजवळ जातच नाही. मिश्रण आधीच लीन, इंजिन आधीच तापलेलं, त्यात वंगण नाही. पिस्टन सिलिंडरला धरतो. गाडी रस्त्यात मागचं चाक आवळल्यासारखी थांबते. मालक सांगतो, चांगली चालत होती, एकदम जाम झाली. खरंच चांगली चालत होती. वरचा थर संपून खालचा लागेपर्यंत ती चांगलीच चालणार.

मे महिन्याची तऱ्हा वेगळी. इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळलं की पेट्रोलची वाफ होण्याची वृत्ती वाढते. फियाट-अँबॅसेडरचा पेट्रोलपंप इंजिनलाच चिकटलेला. दुपारी गाडी दहा मिनिटं उभी केली की पंपात आणि नळीत वाफ धरते आणि मग पेट्रोल पुढं सरकत नाही. पंपावर ओलं फडकं गुंडाळायची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती तुम्हाला आठवत असेल. ती आजही चालते. नळी एक्झॉस्टपासून दोन बोटं लांब नेली तर फडकं लागत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींना आता हा त्रास नाही, कारण त्यांचा निरोपसमारंभ ऑक्टोबर २०२३ मध्येच झाला.

मग इथेनॉल वाईट का? मला तसं वाटत नाही. माझ्याकडे एम-एटी घेऊन येणाऱ्यांत राहुरीचे, नेवाशाचे ऊस लावणारे शेतकरी असतात. साखर गोदामात पडून राहते तेव्हा कारखान्याचे पैसे अडकतात आणि उसाचं बिल लांबतं. इथेनॉल विकलं की तेल कंपन्यांकडून पैसे लवकर येतात. हे त्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. २०२३ च्या डिसेंबरात कमी पावसामुळं सरकारनं उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन घातलं तेव्हा हळहळणारेही हेच होते. शिवाय आता इथेनॉल केवळ उसाचं राहिलेलं नाही. २०२३-२४ पासून मका आणि इतर धान्यांच्या इथेनॉलचा वाटा उसाच्या पुढं गेला. मळी असो की मका, जेटच्या भोकाला त्याचा फरक पडत नाही.

शिसंविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर आलं तेव्हाही जुन्या गाड्यांचे व्हॉल्व्ह बसणार म्हणून ओरड झाली होती. शिसं गेलं ते बरंच झालं. मुलांच्या फुप्फुसात आणि रक्तात जाणारं विष थांबलं. गाड्यांनीही निभावून नेलं. तेव्हा बदल नको असं म्हणणारा मी नव्हे. माझी तक्रार एवढीच आहे की, यंत्राला स्वतःहून जुळवून घेता येत नसेल तर निदान त्याच्या मालकाला सांगा की टाकीत काय ओतताय.

इतरांनी काय केलं ते पाहा. ब्राझीलनं १९७५ साली उसाच्या मद्यार्काची मोहीम काढली, आणि १९७९ मध्ये तिथं निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ विक्रीला आली. तिच्या कार्बोरेटरला गंज लागू नये म्हणून निकेलचा मुलामा देण्याची पद्धत तिथं रुळली. म्हणजे कार्बोरेटर आणि मद्यार्क यांचं जन्मजात वैर नाही. धातू, रबर आणि जेट त्या हिशेबानं केले की संसार होतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्क्यांचं पेट्रोल आलं, पण जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं महाग पेट्रोल शेजारच्या नळीला ठेवलं गेलं. आपल्याकडे असा पर्याय आणि पंपावर स्पष्ट फलक मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. पेट्रोलियम मंत्रालयानं त्याआधी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं की काही जुन्या गाड्यांची रबरं आणि गास्केटं वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावी लागतील, आणि ते काम स्वस्त आहे. स्वस्त आहे हे खरंच. पण लूनाचे किलोमीटर कोण मोजतं? कित्येकींचे काटे दहा वर्षांपासून बंद आहेत. रबर किलोमीटरनं कुजत नाही, पडून राहण्यानं कुजतं.

ज्यांच्याकडे पन्नास वर्षांहून जुन्या गाड्या आहेत त्यांची गाडी तर पडूनच असते. २०२१ च्या नियमानुसार अशी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पण मग ती रोज वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. म्हणजे महिनोन् महिने टाकीत तेच पेट्रोल. आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, ती पाहायला जरूर जा. उभ्या गाडीची निगा ही चालत्या गाडीपेक्षा वेगळी विद्या आहे.

आता करायचं काय ते सांगतो. कागद-पेन्सिल घ्यायची गरज नाही, थोडंच आहे.

टाकीत किती इथेनॉल आहे हे घरी पाहता येतं. शंभर मिलिलिटरची उभी, खुणा असलेली काचेची नळी घ्या. त्यात वीसच्या खुणेपर्यंत पाणी घाला, वर शंभरपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर वीसचा पस्तिसाच्या आसपास गेला तर पेट्रोल वीस टक्क्यांचं. हे उघड्यावर करा, विडी-काडी, गॅस, देवघरातला दिवा यांपासून लांब. आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका. पंपावरच्या पंचाण्णव ऑक्टेनच्या महाग पेट्रोलात इथेनॉल नसतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. ऑक्टेन म्हणजे ठोका न देण्याची ताकद. इथेनॉलनं ती उलट वाढतेच.

रबर एकदा सगळं बदलून घ्या, थोडं थोडं नको. दुकानदाराला इथेनॉलला टिकणारी नळी आणि किट मागा. चारचाकीच्या नळीत आता व्हायटॉन जातीचं रबर मिळतं. स्वच्छ दिसतं म्हणून पारदर्शक प्लास्टिकची पाच-दहा रुपयांची नळी लावतात ती आधी काढून टाका. महिन्याभरात ती पिवळी आणि काचेसारखी कडक होते.

जेटबद्दल घाई करू नका. आधी टाकी, फिल्टर, रबर. तरीही प्लग पांढरा दिसला तर जेट एक पायरी मोठा. हिशेब साधा आहे: सात-आठ टक्के पेट्रोल जास्त जायला हवं, आणि भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून व्यास साडेतीन-चार टक्केच वाढवायचा. सोलेक्ससारख्या कार्बोरेटरात जेटचा नंबर व्यासाचा असतो, तिथं शंभरचा जेट एकशेतीन-चारच्या आसपास जातो. मिकुनीच्या बऱ्याच जेटांवर वाहणाऱ्या पेट्रोलचा नंबर असतो, तिथं शंभरचा एकशेसातच्या आसपास. हा फरक न कळल्यामुळं धूर ओकणाऱ्या बुलेट मी पाहिल्या आहेत. आणि कृपा करून जेटच्या भोकात तार घालून ते मोठं करू नका. तारेनं भोक वाढतं, पण किती वाढलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. स्लो स्क्रू अर्धा फेरा फिरवून बघणं हे मात्र तुम्ही स्वतः करू शकता.

टू-स्ट्रोकवाल्यांनी टूटी ऑइल टाकीत थेट ओतून गाडी हलवायची सवय सोडावी. वेगळ्या डब्यात पेट्रोलात मिसळून मग ओता. ऑइल वाढवलं म्हणजे जास्त सुरक्षित असंही समजू नका. ऑइल जितकं वाढेल तितकं त्याच लिटरात पेट्रोल कमी, आणि मिश्रण आणखी लीन.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करा. मधलं काही नको. चारचाकीवाल्यांनी आणि फोर-स्ट्रोकवाल्यांनी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे वाटी कोरडी होते. लूनावाल्यांनी असं करू नये, कारण शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिला पेट्रोलबरोबर वंगणही मिळत नाही. तिचा कॉक बंद करायचा, वाटीखालचा स्क्रू सैल करायचा आणि आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचं. बाटली उजेडाकडं धरून पाहा. तळाशी वेगळी रेघ दिसली तर टाकीही त्याच दिवशी रिकामी करा.